भरतीची माणसं

खेळनगरच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक पिवळा रुमाल बांधत होते. फुकट. जालिंदर पवळ्याला पहिली शंका तिथंच आली.

जालिंदर काही कालचं पोर नव्हता. बार्शीपासून विट्यापर्यंत तीस वर्षं त्यानं जत्रांमधून आकाशपाळणा फिरवलेला. जत्रेत फुकट मिळते ती फक्त धूळ, हे त्याचं ठरलेलं बोलणं. अन् इथं तिकीट फुकट, दुपारचं जेवण फुकट, गावातनं उचलून आणणारी बस फुकट, अन् वर हा रुमाल. चांगला जाड, पंच्यासारखा घाम पिणारा. बांधणाऱ्या पोरीनं गाठ मारताना बजावलं पण होतं, "काका, दिवसभर काढायचा नाही हं. जाताना मात्र पेटीत टाकायचा."

"चैत्रे," जालिंदर लेकीच्या कानाला लागला, "द्यायचं अन् परत घ्यायचं, ही कसली रीत? ह्यात पाणी मुरतंय."

"आण्णा, गप बस की. लोक बघायलेत," चैत्राली म्हणाली. अन् हसली.

ते हसू बघून जालिंदर गप बसला. कारण दोन वर्षांत ते त्यानं बघितलं नव्हतं.

त्या काळात माणसं खेळायला घराबाहेर पडत नव्हती. ज्याच्या त्याच्या घरात मुखडा आलेला. मुखडा म्हणजे डोळे, कान, नाक सगळं झाकणारा एक टोप. तो चढवला की माणूस खोलीत बसल्या जागी रानात हिंडायचा, किल्ले जिंकायचा, चंद्रावर क्रिकेट खेळायचा. नाकापाशी एक नखाएवढी वडी असायची, दर महिन्याला टपालानं नवी यायची. रानात गेलं की रानाचा वास, समुद्रावर गेलं की समुद्राचा, असं मुखडे विकणारी नवरंग कंपनी सांगायची. मुखडा आला अन् गावच्या जत्रा सुकल्या. जालिंदरचा पाळणा परसात उभ्या उभ्या गंजला. बारा पाळण्यांपैकी दोन शालननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कोंबड्या कोंडायला घेतले.

त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाटलं ते लेकीचं. चैत्रातल्या जत्रेत जन्मली म्हणून नाव चैत्राली. पोरगी एकवीस वर्षांची झाली, अन् दोन वर्षं झाली खोलीतून जेवणापुरती बाहेर येत होती. भांडण नाही, तंटा नाही, रुसवा नाही. यायची, जेवायची, जायची. मागल्या महिन्यात शालन स्वयंपाकघरात खाली बसून डाळ निवडत होती. चैत्राली आली, पाणी प्याली अन् जाताना दिवा बंद करून गेली. अंधारात शालन ओरडली, "अगं, मी बसलेय की!" पोरगी परत आली, दिवा लावला, म्हणाली, "अय्या आई, कुणी असेल असं वाटलंच नाही."

शालन त्या दिवशी नीट जेवली नाही.

म्हणून तर चैत्राली स्वतःहून म्हणाली, "आण्णा, मला मेळ्याला नेतोस?" तेव्हा शालननं नवऱ्याला दारातच धरलं. "पोरगी आपल्या पायानं भाईर निघालीय. न्या तिला. अन् डोळं उघडं ठेवून बघा, त्या खेळात असं काय हाय जे आपल्या घरात न्हाई. जाऊन फायदा झाला का न्हाई, मला येऊन सांगा."

तर हा तो नवरंगचा मेळा. वर्षातून एकदाच, तीन दिवस. घरी बसून खेळणारे सगळे त्या दिवशी एका छपराखाली यायचे. आत शिरल्यावर जालिंदरनं एक गोष्ट मान्य केली, अशी गर्दी त्यानं जन्मात बघितली नव्हती. पन्नास हजार माणूस एका वेळी. कुणी राक्षसाचं सोंग घेतलेलं, कुणी पाठीला पंख बांधलेले. मधे ताडाच्या उंचीचे पडदे, त्यावर कुणीतरी जिंकलं की सगळे एका दमात ओरडायचे अन् छप्पर थरथरायचं.

पण उकाडा! कोंबड्यांच्या शेडला गारवा करतात त्या दिवसांत, एवढ्या थोरल्या कंपनीच्या मांडवात साधा पंखा नव्हता. माणसं घामानं निथळत होती, रुमालानं तोंड पुसत होती अन् परत ओरडत होती. जालिंदरला ही दुसरी शंका आली.

तिसरी शंका रांगेची. नव्या खेळाला तीन तास रांग अन् खेळ चार मिनिटांचा.

"अगं, हाच खेळ तुझ्या घरात येणार न्हवं पुढल्या म्हयन्यात?"

"येणार की."

"मंग हितं तीन तास हुबं राहून काय मिळवायचं? आमच्या पाळण्याला निदान धा फेऱ्या व्हत्या."

"मजा हाय आण्णा! तुला नाही कळायचं!" असं म्हणून चैत्रालीनं त्याचा हात धरला. नुसता धरला नाही, दोन्ही हातांनी दंडाला विळखा घातला अन् गाल टेकवला, सात-आठ वर्षांची असताना टेकवायची तसा.

जालिंदरला पाळण्याचे दिवस आठवले. जत्रेच्या पहिल्या संध्याकाळी पाळणा रिकामा असायचा, अन् रिकाम्या पाळण्यात कुणी बसत नाही. म्हणून पाळणेवाले आधी आपलीच माणसं भरतात. त्यांना भरतीची माणसं म्हणायचे. शालन, मेव्हणा, मेव्हणी, सगळे वर जाऊन खोट्या किंकाळ्या मारायचे की गर्दी आपोआप धावत यायची. सगळ्यात झ्याक ओरडायची चैत्राली. तिला वर कधी भीती वाटली नाही. पाळणा टोकाला गेला की ती वरनं हाक मारायची, "आण्णा, हाईस का?" अन् जालिंदर खालनं ओरडायचा, "हाय गं!" डोळे मिटून सुद्धा तिला कळायचं म्हणे, आण्णा खाली उभा आहे.

आणि त्याच आठवणीनं जालिंदरचं डोकं चमकलं. भरती! ह्या गर्दीत भरतीची माणसं पेरलेली आहेत. एरवी तीन तास रांगेत राहून एवढं ओरडणार कोण?

"तू हुबी राहा. मी आलोच," म्हणून तो रांगेतून निघाला.

भरतीचं माणूस ओळखायची खूण त्याला पक्की ठाऊक. खरं गिऱ्हाईक खेळाकडे बघतं, भरतीचा माणूस गर्दीकडे बघतो. अर्ध्या तासात त्याला एक बाई सापडली. पन्नाशीची, चष्मा, केसांचा आखूड कट. तीन रांगांत उभी राहिली, एकदाही खेळली नाही, अन् दर वेळी गळ्यातला रुमाल नाकाला लावून काहीतरी लिहीत होती. ती एका लहान दारानं मांडवाच्या मागं गेली. जालिंदर तिच्या मागोमाग. पाळणेवाला जत्रेत पुढून शिरतच नाही. आधी मागं जाऊन जनरेटर बघतो, दोर बघतो, मग पुढं येतो. आज पोरीच्या नादात तो पुढून शिरला होता, ही त्याची चूक.

मागं हत्तीच्या पोटासारखे नळ होते. मांडवातून निघून एका खोलीत गेलेले. नळाच्या जाळीवर चिवड्याची रिकामी पिशवी येऊन चिकटलेली, हलत नव्हती. जालिंदरनं तिच्याकडे बघितलं अन् त्याला कळलं की वारा आत सोडत नाहीत, आतला ओढून घेतात.

"बाई," त्यानं हाक मारली, "तुमी भरतीच्या न्हवं?"

बाई दचकली. "काय?"

"मी जालिंदर पवळे, पाळणेवाला. गर्दी जमवायला आपलीच माणसं बसवायची, ह्यात माझं आयुष्य गेलंय. मला नका शिकवू. फकस्त एवढं सांगा, आत वरडत्यात त्यातली तुमची किती अन् खरी किती?"

बाईनं त्याला खालून वर न्याहाळलं, मग खुदकन हसली. "सगळी खरी आहेत हो. एकही पेरलेलं नाही. मी डॉक्टर नीलांबरी गद्रे. वासाचा अभ्यास करते, कंपनीसाठी."

"वासाचा? अन् हा वारा कुठं चाललाय?"

"नऊ मेळे झाले," ती म्हणाली, "पण मागच्या बाजूला येऊन हे विचारणारे तुम्ही पहिले. बसा."

दोघं एका उलट्या खोक्यावर बसली.

"पवळे, तुमच्या पाळण्यात एक माणूस ओरडला की शेजारचा का ओरडतो?"

"भीती लागती. एकाची दुसऱ्याला."

"लागती कुठून? कानातून, डोळ्यांतून, हे तर झालंच. पण नाकातूनही. माणसाला घाम येतो तो नुसता उन्हाचा नसतो. भ्यालेल्या माणसाच्या घामात एक अंश असतो, आनंदी माणसाच्या घामात दुसरा. आपल्याला तो वास म्हणून कळत नाही. पण मेंदूला कळतो. शेजारी कुणीतरी आहे, अन् ते खुशीत आहे, एवढा निरोप आत पोचतो."

"जनावराला कळतं तसं."

"अगदी तसं. आपण विसरलो, आपलं नाक विसरलं नाही. आता पन्नास हजार माणसं एकदम खूश झाली तर त्या हवेत काय असेल? त्याला आम्ही जमगंध म्हणतो. जमावाचा गंध. ह्या नळांतून ती हवा जाते, आत कोळशासारख्या थरांवर तो अंश बसतो. रुमालांत तर भरपूरच मुरलेला असतो. ते सगळं पिळून, गाळून वर्षभराच्या वड्या होतात."

जालिंदर सावकाश उठून उभा राहिला. "त्या वड्या? मुखड्यातल्या? त्यात रानाचा वास असतो म्हणत व्हते."

"रानाचाही असतो. पण नुसत्या रानाच्या वासावर माणूस चार महिने खेळतो, मग कंटाळून मुखडा माळ्यावर टाकतो. एकट्याला खेळ पुरत नाही, पवळे. जमगंध घातल्यापासून कुणी टाकत नाही. खोलीत एकटा बसलेला असतो अन् त्याला वाटतं, आपण भर जत्रेत आहोत."

"म्हंजे ही जत्रा न्हाईच," जालिंदर म्हणाला. "हा गोठा हाय. अन् आत हुबी हायत ती दुभती जनावरं. म्हणून उकाडा, म्हणून तीन तासांची रांग."

"घाम यायला वेळ लागतो," डॉक्टरीण म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही, पण आवाज उतरला.

जालिंदर मग म्हणाला, "बरं, अत्तरवालाबी फुलं खुडतोच. ह्यात वंगाळ ते काय? जे वंगाळ हाय, ते सांगितलं न्हाई तुमी अजून."

"मिरचीच्या गोदामातला हमाल खोकतो का हो?"

"न्हाई. सवय व्हती."

"नाकालाही सवय होते. जो रोज पन्नास हजार माणसांचा गंध घेतो, त्याला एका माणसाचा पुरत नाही. घरातला माणूस शेजारी येऊन बसला तर त्याला दिसतो, ऐकू येतो, पण आत निरोप जात नाही. आत त्या जागी कुणीच नसतं."

जालिंदरला डाळ निवडणारी शालन दिसली. अंधारात.

"माझी लेक आतमदी हाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. आज तिनं माझा हात धरला. असा, दोन्ही हातांनी."

डॉक्टरीण चष्मा काढून पुसायला लागली.

"तो मला धरला न्हाई व्हय?"

"तुम्हालाच धरला. पण तुम्ही आहात हे तिला आज ह्या हवेत जाणवलं."

"ह्याला औषध?"

"मुखडा काढायचा. मेळा बंद, वडी बंद, रुमालसुद्धा बंद. सहा-सात महिन्यांत नाक बहुतेक परत येतं. काहींचं येत नाही. अन् ते महिने फार वाईट असतात, पवळे. माणसाला वाटतं सगळं गाव ओस पडलंय. काहींना सोसत नाही. तिला एकटी सोडू नका. आणि तो रुमाल पेटीत टाका. डबाबंद ठेवला तर वर्षभर गंध धरतो तो. पण ती तो जितका हुंगेल तितकी तिच्या नाकाची भूक वाढेल, मग तुमचा एकट्याचा तिला कधीच पुरायचा नाही."

"आन् तुमी? तुमी तर रोज ह्यात."

डॉक्टरीणबाई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुम्ही समोर उभे आहात हे मला दिसतंय," ती म्हणाली. "ऐकूही येतंय."

जालिंदर परत गेला तेव्हा चैत्राली चार मिनिटांचा खेळ खेळून आली होती. घामानं चिंब, डोळे लकाकत होते. "कुठं होतास रं आण्णा! मी जिंकले!" असं म्हणून तिनं त्याला मिठी मारली. जालिंदरनं पण मारली. घट्ट. सोडावी वाटेना.

दारावर पेट्या होत्या. चैत्रालीनं रुमाल टाकला. जालिंदरनं टाकल्यासारखं केलं अन् रुमाल मुठीतून अंगातल्या कोपरीच्या आत सरकवला. जत्रेतला हात तो, कुणाला कळतंय. आपण असं का केलं, हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

फाटकाबाहेर मोकळा वारा होता. चिंचेच्या झाडापर्यंत चैत्रालीचा हात त्याच्या हातात होता. बसच्या दारापाशी आल्यावर त्यानं बघितलं तर हात नुसता अडकलेला होता, धरलेला नव्हता. पायरी चढताना तोही सुटला.

ती खिडकीशी बसली, तो शेजारी. जालिंदरनं मनाशी पक्कं केलं. घरी गेल्याबरोबर मुखडा विहिरीत. सात महिने तर सात महिने. शालन अन् तो पाळीपाळीनं पोरीजवळ बसतील. रुमाल वाटेत पुलावरून टाकून द्यायचा. ठरलं.

"चैत्रे, भूक लागली का?"

"नाही."

"पाळण्याची आठवण येती का गं तुला? वरनं हाक मारायचीस."

"हं," ती बाहेर बघत म्हणाली.

टेंभुर्णीच्या अलीकडे ऊन तिरपं झालं. चैत्रालीला मांडीवरच्या पिशवीचा जाच व्हायला लागला. तिनं ती उचलली अन् शेजारी ठेवली. जालिंदरच्या मांडीवर. त्याच्याकडे बघितलं नाही, विचारलं नाही. रिकाम्या बाकावर ठेवावी तशी ठेवली अन् परत काचेला डोकं टेकलं.

जालिंदर त्या पिशवीकडे बघत बसला. आत पाण्याची बाटली होती, तिचं टोपण मांडीला टोचत होतं. त्यानं ती हलवली नाही. सात महिने, डॉक्टरीण म्हणाली होती. असले सात महिने. अन् काहींचं येत नाही.

पूल आला. पूल गेला.

पलीकडच्या वळणावर त्यानं कोपरीत हात घातला, रुमाल काढला अन् गळ्याला बांधला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चैत्रालीनं मान वळवली, कुणी हाक मारावी तशी. "आण्णा," म्हणाली, "मी टेकू का जरा?" अन् पिशवी खाली ठेवून त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दिवेलागणीला घरी पोचले. शालन दारातच उभी. चैत्राली आत गेली तशी शालननं नवऱ्याला धरलं. "काय बघितलंत? झाला का फायदा?"

जालिंदरनं कात्री मागितली. रुमालाचे दोन तुकडे केले, एक परत गळ्याला बांधला, दुसरा तिच्या हातात दिला.

"शी! कसला घामट हाय. धुवून आणते."

"धुवायचा न्हाई!" तो असा ओरडला की परसातल्या कोंबड्या फडफडल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पदराला बांध. अन् पोरीजवळ जाऊन बस. इचारू नकोस काय."

शालन गेली. जालिंदर उंबऱ्यात उभा राहून बघत होता. पोरीनं मुखड्याकडे नेलेला हात मागं घेतला, आईकडे बघितलं अन् सरळ तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. शालनचा हात वरच्या वर थांबला, मग हळूच केसांवर आला. डोळ्याला पाणी लागलं होतं तिच्या. ओठांनीच तिनं नवऱ्याला विचारलं, काय केलंत?

घटकाभरानं त्यानं तिला सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. सात महिन्यांचंही सांगितलं. शालन ऐकत होती, अन् तिची बोटं पोरीच्या केसांतून फिरत होती, ती थांबत नव्हती.

"हे किती दिवस टिकतं?" तिनं शेवटी एवढंच विचारलं.

"लोणच्याच्या बरणीत झाकून ठेवायचा. ती जवळ असली की काढायचा. पुरवून वापरला तर पुढल्या मेळ्यापातूर."

"अन् मग?"

"मग आपुन दोघं जायाचं मेळ्याला. तिच्यासंगं."

"आपल्याला खेळ कुठं येतो?"

"खेळायचं न्हाई. नुसतं गर्दीत हुबं राहायचं अन् वरडायचं. पाळण्यात वरडत व्हतीस तसं."

शालन हसली. चैत्रालीनं झोपेतच कूस बदलली, हात लांब केला अन् बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं.

"आण्णा," ती पुटपुटली, "हाईस का?"

"हाय गं," जालिंदर म्हणाला, अन् गळ्यातली गाठ नीट आहे ना, हे त्यानं चाचपून बघितलं.